मागच्या सीटवरची साक्ष

माझ्या नवऱ्याला मोटरसायकल उत्तम चालवता येत होती, हे आधी सांगितलं पाहिजे. माझ्या भावाला त्यांनीच शिकवलं. चौकातला गोल चबुतरा नेहमी उजव्या हाताला ठेवायचा, ब्रेक वळायच्या आधीच मारून घ्यायचा, उजवीकडून कोणी येत असेल तर त्याला आधी जाऊ द्यायचं. नागपूरला गेलो की तिथल्या गोल चौकांतून ते स्वतःही असेच जात.

आम्ही राहत होतो त्या सौंसर गावात मात्र नाही. मी तिथल्या एका शाळेत शिकवत होते आणि ऑफिसला जाताना ते मला सोडत. शाळेसाठी बाजारातल्या चौकात उजवीकडे वळावं लागे. चबुतऱ्याला पूर्ण वळसा घालायचा सोडून ते अलीकडूनच गाडी घुसवत. मी दोनदा टोकलं. इथं कोण अडवून राहिलं, असं ते म्हणाले. मी तिसऱ्यांदा बोलले तेव्हा ते मला तिथेच उतरवून निघून गेले. त्या दिवशी मी शाळेपर्यंत पायी गेले, आणि पुढे बोलणंच सोडलं.

एका हिवाळ्यातल्या सकाळी एक माणूस सायकलवरून संत्र्याच्या तोडणीला निघाला होता. चबुतऱ्याला वळसा घालून, आपल्या बाजूने, हळूहळू येत होता. आम्ही उलट्या बाजूने त्याच्या अंगावर गेलो. तिघंही पडलो. माझा तळहात सोलवटला. त्याचा पाय सायकलखाली अडकला होता, गुडघा वेडावाकडा झाला होता. तशात त्याने मला विचारलं, "बाई, तुम्हाले लागलं का?"

लोक जमले. नवरा उठून कपडे झटकत त्याच्यावरच ओरडू लागला. चौकातला एक कापड दुकानदार आम्हाला ओळखायचा. तो म्हणाला, "बहेनजी, तुम्ही सांगा. तुमच्या शब्दावर आमचा भरोसा आहे."

नवऱ्याने माझ्याकडे फक्त पाहिलं. काय बोलायचं ते शिकवलं नाही.

मी म्हटलं, "सायकल एकदम समोर आली."

तो माणूस भांडला नाही. गुडघा धरून बसल्या बसल्या एवढंच म्हणाला, "तुम्ही तर मागं बसून पाहून राहिल्या होत्या, बाई."

मग लोकांनी त्यालाच चार शब्द सुनावले आणि रिक्षात घालून दवाखान्यात पाठवलं. आम्ही सोबत गेलो नाही. मला शाळेला उशीर होत होता.

त्याचा पाय पुन्हा सरळ झाला नाही. शिडीवर चढणं सुटलं, तोडणीचं काम गेलं, हे मला शाळेतल्या चपराशिणीकडून कळलं. ती त्याच्याच मोहल्ल्यात राहायची. घर दाखवते, चला, असं ती दोनदा म्हणाली. मी पेपर तपासायचे आहेत म्हणून टाळलं. ते पेपर मी दुसऱ्या दिवशीही तपासले नव्हते.

आठवड्याभरात गाडी दुरुस्त होऊन आली. मी पुन्हा मागे बसले. ते पुन्हा अलीकडूनच वळले.

पुढे कितीतरी वर्षं ते पाहुण्यांना तो किस्सा सांगत. सायकलवाल्यांना रस्त्यावर चालायची अक्कल नसते, असं म्हणून माझ्याकडे बोट दाखवत, "विचारा पाहिजे तर हिले."

पाहुणे माझ्याकडे पाहत, आणि मी दर वेळी हो म्हणत असे.