उजवा खांदा दोन बोटं खाली

"काढा चाचा ते! आत्ताच्या आत्ता काढा! नाई तं मी येऊन फाडतो!"

बाजारातला हॉटेलवाला ओरडत होता. त्याच्या हातात चहाची किटली होती, आणि रागाच्या भरात ती तो अशी फिरवत होता की पुढच्या तीन रांगांना बसल्याजागी चहा मिळाला, कुणाला डोक्यावर, कुणाला मांडीवर. मोताळ्याच्या मैदानावर त्या दिवशी एक लाख माणसं तरी असतील. मोताळ्याची वस्ती तेव्हा किती होती ते विचारू नका. मी डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो आहे. त्या एक लाखांच्या देखत चाचांनी नुकतीच अंगावरची शाल काढून, तिची नीट चौघडी करून पाहुण्यांच्या रांगेतल्या आपल्या खुर्चीवर ठेवली होती. शालीखाली उंद्री गावच्या संघाची पिवळी जर्सी होती.

आमचे चाचा, उंद्रीच्या जर्सीत. आणि सामना आमच्याच मोताळ्याशी, फुटबॉलच्या ढालीचा, शेवटचा.

"गद्दार!" कुणीतरी किंचाळलं. तो मीच होतो.

माझं दुःख इतरांपेक्षा दुप्पट होतं, कारण ती जर्सी मीच शिवली होती.

बाजाराच्या रस्त्यावर माझं शिवणाचं दुकान, आणि बरोबर समोर चाचांचं गाद्या भरायचं. ते पिंजारी, कापूस पिंजणारे. दिवसभर पिंजणाच्या ताणलेल्या तातीचा तुंई-तुंई आवाज आणि हवेत कापूस. उन्हाळ्यात माझ्या दुकानात बसलेल्या गिऱ्हाइकाला वाटायचं बर्फ पडतो आहे. पिंजण ओढून ओढून चाचांचा उजवा खांदा दोन बोटं खाली उतरला होता. त्यांची जर्सी मी वर्षानुवर्षं शिवत आलो. तो खांदा झोपेत हात लावून ओळखला असता, असं मी लोकांना सांगायचो.

मैदानात ते मधले हाफ. पुढच्या पाचांना चेंडू पुरवायचा आणि मागच्यांची अब्रू राखायची, अशी ती जागा. बूट कधी घातले नाहीत. पायाला गादीच्या जुन्या खोळीच्या पट्ट्या बांधून खेळायचे. एकदा संग्रामपूरच्या संघाशी खेळताना त्यांनी चेंडू असा वर मारला की आम्ही जाऊन चहा घेऊन आलो तरी तो खाली यायचा होता. चाचा त्याच जागी उभे राहून तंबाखू मळत होते. चेंडू आला तो त्यांच्या अंगठ्यावर, मांजर यावं तसा. त्यांनी तो डाव्या बाजूला सरकवला आणि आमच्या डाव्या फॉरवर्डने नुसता पाय लावला. गोल! सगळं गाव त्या फॉरवर्डला खांद्यावर घेऊन नाचलं. चाचा दाढीतला कापूस वेचत बसले. स्वतः त्यांनी गोल केलेला मला आठवत नाही. "गोल कराले पोट्टे हायेत," म्हणायचे, "आपुन माल पोचवाचा."

असा माणूस. आणि तो फिरला.

आता मधली गोष्टही सांगायला हवी, नाहीतर लोक म्हणतील शिंप्याने कापड खाल्लं.

महाराष्ट्र नवा नवा झाला होता आणि जिल्हाभर सत्कारांची साथ आली होती. मास्तर निवृत्त झाला, शाल-नारळ. पोस्टमन बदलून गेला, शाल-नारळ. शंकरपटाच्या शर्यतीत एका बैलाने पहिला नंबर काढला, तर त्याच्याही पाठीवर शाल टाकली. त्याने नारळाला शिंग मारलं म्हणून भाषण आटोपतं घ्यावं लागलं. होता होता आमच्याकडे असा रिवाजच पडला की ज्याच्या खांद्यावर शाल पडली तो माणूस कामातून मोकळा. त्याला यापुढे खुर्ची. बैलाला देखील पुन्हा कुणी पटात उतरवलं नाही.

एका दुपारी माझ्याच दुकानात सात जण बसलो होतो. हॉटेलवाला होता, जिनिंगमधला फोरमन होता. फोरमनचा भाचा नवा नवा हाफ खेळू लागला होता.

"चाचा आता दमून राह्यले," फोरमन म्हणाला.

"दमले कुठी बे?" हॉटेलवाला म्हणाला. "कालच तुह्या भाच्याच्या दोन पायांतून चेंडू काढला त्यायनं."

"म्हणूनच म्हन्तो. पोट्ट्याचा जीव खचून राह्यला. अन् वय किती झालं त्यायचं?"

चाचा म्हणायचे चाळीस, आम्ही म्हणायचो पन्नास आणि दाढी म्हणायची सत्तर. मीच मार्ग काढला. म्हटलं, "वगळल्यासारखं नको. झोकात सत्कार करू. जिल्ह्यात झाला नाही असा." सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण किती प्रेम करतो चाचांवर, या विचारानंच आलं.

पत्रक मी लिहिलं. त्यात चाचांना विदर्भाचा वाघ, मध्यभागाचा मेरू असं काय काय केलं. छापून आलं तेव्हा गुलाबी कागदावर इतकं देखणं दिसत होतं की ते भिंतीवर लागलं म्हणजे चाचांना कळलंच, असं आम्ही धरून चाललो. चाचांना वाचता येत नव्हतं, हे आम्हा सातही जणांना ठाऊक होतं.

सत्कार मैदानावरच, एका सामन्याच्या आधी ठेवला आणि त्याला एक सभापती आणले. त्यांनी चाचांना कुस्तीतलं भूषण म्हटलं आणि तरुणांनी त्यांच्यासारखे डाव शिकावेत असा उपदेश केला. टाळ्या मी सगळ्यात जोरात वाजवल्या. चाचांना दोन शब्द बोला म्हटलं, तर ते शाल चाचपत उभे राहिले, माझ्याकडे पाहिलं, मग मैदानाकडे पाहिलं आणि खाली बसले. भावना अनावर झाल्या, असं हॉटेलवाल्याने लाऊडस्पीकरवरून जाहीर केलं. मग फोरमनचा भाचा हाफच्या जागी उतरला आणि सामना सुरू झाला. चाचा सभापतींच्या शेजारी खुर्चीवर. मी त्यांना गुलाबपाणी द्यायला वाकलो तेव्हा त्यांच्या पायांना पट्ट्या बांधलेल्या दिसल्या. घट्ट, ताज्या, खेळायला उतरताना बांधायचे तशा.

मला वाटलं, काही लागलं असेल.

पुढचं वर्षभर चाचा प्रत्येक सामन्याला त्या खुर्चीवर, शाल पांघरून. आम्हीच त्यांना हाताला धरून बसवायचो. कुणी म्हणायचं, "चाचा, आराम करा आता." ते मान हलवायचे.

आणि मग ढालीच्या सामन्याआधी महिनाभर उंद्रीचा एक माणूस अकरा जर्स्यांचं माप घेऊन माझ्याकडे आला. शत्रूचं काम घ्यायचं का, असा प्रश्न मला पडला; पण शिवण ती शिवण. कागद वाचत गेलो. शेवटच्या मापापुढे लिहिलं होतं, उजवा खांदा दोन बोटं खाली.

"हा कोन वाकडा भरती केला बे तुमी?" मी विचारलं.

"हाये एक," तो म्हणाला. "नवा हाये."

मी इतका हसलो की मशीनचा पट्टा सुटला. उंद्रीला आता वाकडी माणसं गोळा करावी लागतात, ही बातमी मी गावभर फिरवली. समोरच्या दुकानात तुंई-तुंई चालू होतं. चाचांनाही जाऊन सांगितली. "चाचा, उंद्रीचा एक हाफ हाये म्हन्ते, खांदा तुमच्यासारखाच!" चाचा म्हणाले, "जरा ढिली शिव बगलेत." मी म्हटलं हो. आणि शिवली ढिली! खरंच शिवली. आता सांगताना माझे मलाच कान उपटावेसे वाटतात, पण तेव्हा डोक्यात उजेड पडला नाही.

सामन्याचं काय सांगू? चाचा धावले नाहीत. ते बाजारात भाव विचारत हिंडावं तसे मैदानात हिंडले, आणि चेंडू त्यांच्या मागे मागे. आमची सगळी पोरं त्यांनीच शिकवलेली. डावा फॉरवर्ड कुठे वळणार, गोलकीपर कोणत्या पायावर भार टाकतो, सगळं त्यांना पाठ. फोरमनचा भाचा त्यांच्याभोवती घाण्याच्या बैलासारखा फिरला आणि शेवटी चक्कर येऊन बसला. आम्ही शिव्या घातल्या. हॉटेलवाल्याने आजन्म चहा बंद अशी शपथ घेतली. ज्या तोंडांनी वीस वर्षं "चाचा, चाचा" केलं त्याच तोंडांनी आम्ही त्यांना उंद्रीचा घरजावई म्हटलं, आणि ते मला सुचलं होतं म्हणून मी आणखी चार वेळा म्हटलं.

शेवटाला चाचांनी चेंडू पायाखाली धरला. मान वर केली. आमच्या सगळ्या बचावाने डावीकडे उडी घेतली, कारण ते नेहमी डावीकडेच द्यायचे. त्यांनी उजवीकडे सरकवला. उंद्रीच्या एका पोराने नुसता पाय लावला.

ढाल ट्रकात घालून उंद्रीवाले नाचत गेले. त्यांनी चाचांनाही वर ओढलं, पण चाचा उतरले. खुर्चीवरची शाल उचलली, काखेत धरली आणि आमच्यातूनच चालत मोताळ्यात घरी आले. कुणी त्यांना वाट दिली नाही, कुणी अडवलंही नाही. त्यानंतर ते कुणाकडूनच खेळले नाहीत.

दुसऱ्या दिवशी समोर पुन्हा तुंई-तुंई. मी तीन दिवस तिकडे पाठ करून मशीन चालवलं. बाह्या उलट्या लागल्या, तरी वळून पाहिलं नाही. चौथ्या दिवशी मात्र राहवलं नाही. रस्ता ओलांडला. ती सत्काराची शाल खुंटीला टांगलेली होती, आमच्याकडची, लाल काठाची, जिल्ह्यात झाली नाही अशी.

"काऊन केलं चाचा असं?" माझा आवाज फाटला. "अख्ख्या गावानं डोक्यावर घेतलं तुमाले. शाल देल्ली, खुर्ची देल्ली, पत्रक छापलं. काय कमी केलं आमी? उंद्रीवाल्यायनं असं काय देल्लं तुमाले?"

चाचांनी तातीवरचा हात थांबवला. दाढीतला कापूस काढला, त्याकडे पाहिलं आणि ढिगावर टाकला.

"त्यायनं इचारलं," ते म्हणाले, "खेळता का म्हनून."