मावशींचा बलाक

तुमच्या आईने फोनवर सांगितले, की तिकडे घर घेताना लोक आधी जवळची शाळा पाहतात, आणि शाळा चांगली असली की घरही महाग. तिला वाटले, मला नवल वाटेल. बाळांनो, ही अक्कल नगर जिल्ह्यातल्या बेलापूरजवळच्या एका खेड्यात माझ्या घरमालकीणबाईंना पन्नास वर्षांपूर्वीच आली होती. जरा उशिरा आली, एवढेच.

मी तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि या मावशींच्या एका खोलीत राहत होते. जवळच्या साखर कारखान्यात भरती सुरू झाली आणि गावात बिऱ्हाडांची रीघ लागली. माझ्या पाचवीत मुले मावेनात. निम्मा वर्ग मारुतीच्या पारावर बसू लागला. येणारा प्रत्येक जण विचारी, "ब्लॉक आहे का?"

"बाई, बलाक म्हंजी काय वो?" मावशींनी मला विचारले.

"बाहेरची खोली वेगळी, स्वयंपाकघर वेगळं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या खोलीच्या मधोमध गोणपाट टांगले. "झाला बलाक! आता दुप्पट भाडं द्या, न्हाईतर खोली मोकळी करा."

दुप्पट भाडे मला झेपणारे नव्हते आणि गावात दुसरी खोली उरली नव्हती. म्हणजे नोकरी सोडून नगरला वडिलांकडे परत. तिथे एक स्थळ माझी वाट पाहत बसले होते. (तुमचे आजोबा नव्हेत.)

रविवारी मावशी गिऱ्हाईक घेऊन आल्या. कारखान्यातले एक कारकून, त्यांची बायको आणि तीन मुले.

"शाळा लई चांगली हाय, ताई," मावशी बायकोला सांगत होत्या. "इंग्लिशच्या बाई आपल्याच घरात ऱ्हात्यात. पोरं झोपंत बी इंग्लिश बोलतील."

"अय्या! कुठल्या खोलीत राहतात?"

"ह्याच की."

"मग आम्ही कुठे राहायचं?"

"ह्याच की."

"आणि बाई?"

मावशी गोणपाटाच्या सुरकुत्या काढू लागल्या. मी टेबलावरचे बंद पाकीट उचलले आणि नम्रपणे म्हटले, "मी नेवाशाला बदली मागते आहे. अर्ज तयार आहे."

"चला हो," ती नवऱ्याला म्हणाली. "बाईच नाहीत, तर नुसता ब्लॉक काय चाटायचाय?"

मावशींनी झटकन पाकिटावर हात ठेवला. "अवो बाई, म्या गंमत करीत हुते! ताई, थांबा, तुमास्नी मागचा बलाक दावते."

मागे शेळ्यांचा गोठा होता. मावशींनी तो सारवला, चुना फासला, माझे गोणपाट तिकडे टांगले आणि दुप्पट भाड्याने दिला. माझे भाडे जुनेच राहिले. शेळ्या मात्र माझ्या दारात आल्या, आणि सोमवारी त्यांतल्या एकीने ते पाकीट खाल्ले.

"बाई, अर्ज ग्येला वो!" मावशींचा आनंद तोंडावर मावत नव्हता.

"जाऊ द्या, मावशी," मी म्हटले.

पाकिटात परटाकडे दिलेल्या कपड्यांची यादी होती. त्या आठवड्यात माझी दोन पोलकी परत आली नाहीत, आणि भांडायला माझ्याकडे पुरावा नव्हता.