टाळ्यांनी तासलेलं दार

हल्ली काय करतोस, असं मिस्त्रीला कोणी विचारलं की तो म्हणायचा, "सुतार कसा दिसतो ते लोकांना दाखवतो." आणि लगेच हसायचा. दुसऱ्या कोणी हसण्याआधी आपणच हसून घेतलेलं बरं.

गावात पर्यटक यायला लागले तेव्हा नाक मुरडणाऱ्यांत हाच पुढे होता. "शहरातली माणसं आपले गोठे बघायला येणार? वेड लागलंय का?" पण माणसं आली. रस्ता पक्का झाला, कधीमधी उगवणारी डॉक्टरीण रोज यायला लागली, बंद पडत आलेली शाळा पुन्हा भरली. आणि शहरातल्या गोदामात खोकी उचलणारा त्याचा मुलगा बायकापोरांसह परत आला. घरामागे त्याने पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या. नातवंडं अंगणात धुडगूस घालायला लागली आणि मिस्त्रीने मुरडलेलं नाक गुपचूप सरळ केलं.

त्याच पक्क्या रस्त्याने तयार दारंही आली. मिस्त्रीकडे काम घेऊन येणारं कोणी उरलं नाही. मग मुलाने युक्ती काढली. नाश्ता झाला की तो पाहुण्यांना वडिलांच्या कारखान्यात घेऊन यायचा. रंध्यातून लाकडाचा लांबलचक पापुद्रा गुंडाळत बाहेर पडला की टाळ्या वाजायच्या. आजवर मिस्त्रीच्या वाट्याला फक्त 'दार करकरतंय' एवढंच आलं होतं, टाळ्या नव्हे. लोक त्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवत होते आणि तो खुशीत चढत होता. माप घ्यायचं नसलं तरी पेन्सिल कानावर असायची.

अशात किराणा दुकानवाली आक्का आली. "मागच्या दाराला वाळवी लागलीय. मला ते पुठ्ठ्यासारखं तयार दार नको. तू करून दे."

मिस्त्रीला भरून आलं. त्याला अजून सुतार समजणारी ती एकटीच उरली होती. त्याने जपून ठेवलेलं लाकूड काढलं, माप घेतलं, दार जोडलं. कडा तेवढ्या गुळगुळीत करायच्या राहिल्या होत्या.

तेवढ्यात पाहुणे आले. त्याने एक कड तासून दाखवली. टाळ्या! दुसऱ्या दिवशी दुसरे आले. "काका, परत एकदा, व्हिडिओ घ्यायचाय." काकांनी परत एकदा केलं. मग रोजच. हात रंध्यावर, तोंडाने गप्पा आणि नजर मोबाइलच्या कॅमेऱ्याकडे.

दार बसवायला गेला तेव्हा एका बाजूला हात आरपार जाईल एवढी फट राहिली. आक्काचं मांजर त्या फटीतून बाहेर गेलं, परत आत आलं.

"माप चुकलं का रे?" आक्काने विचारलं.

हो म्हणून वयावर ढकलता आलं असतं. "माप बरोबर होतं आक्का," तो म्हणाला. "लोक टाळ्या वाजवत गेले आणि मी तासत गेलो."

आक्का हसेल असं त्याला वाटलं होतं. ती हसली नाही. "गावात एक सुतार आहे म्हणून मी निवांत होते," एवढंच म्हणाली.

मिस्त्रीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दार खांद्यावर घेऊन घरी येताना त्याला स्वतःवर एकही विनोद सुचला नाही.

सकाळी मुलगा पाहुण्यांना घेऊन आला, तर कारखान्याला आतून कडी. करवतीचा आवाज मात्र येत होता.

"बाबा, उघडा ना! लोक सुतारकाम बघायला आलेत."

करवत क्षणभर थांबली.

"सुतार भेटणार नाही म्हणावं," आतून आवाज आला. "कामात आहे."