कानबाईबरोबर नदीपर्यंत

मेली ती रिक्षा! आदल्या वर्षी कानबाई देवीच्या विसर्जनाला मला तीत बसवून नेलं, तेव्हा मी पदरात तोंड घालून रडले होते. आमच्या धुळ्याच्या घरात रीत अशी, की श्रावणात विसर्जनाच्या सोमवारी एक सून कानबाई डोक्यावर घेते आणि थोरली सून आरतीचं ताट घेऊन तिच्यापुढे पांझरा नदीपर्यंत पायी चालते. थोरली मी. पण तीस वर्षं चुलीत पऱ्हाटीच्या काड्या जाळल्या, त्या धुरानं छातीचं खोकं करून टाकलं. चार पावलं टाकली की दम लागायचा. जो तो म्हणे, पडून राहा. पडून राहिले, तर मोरीपर्यंत जाणंही जड झालं.

शेवटी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फुफ्फुसं काही नवी मिळणार नाहीत. पण रोज चालायचं. नाकानं श्वास घ्या, ओठांचा चंबू करून फुंकत सोडा." फुंकायचं? अहो, त्यात माझा हात कोण धरणार! घरी आले आणि फुंकणीनं चूल पेटवावी तशी जोर लावून फुंकत सुटले. डोळ्यांपुढे काजवे चमकले, भिंत धरून खाली बसले. पुढच्या खेपेला बाईंनी हे ऐकून कपाळाला हात लावला. "मावशी, चूल पेटवायची नाहीये. दिव्याची ज्योत नुसती हलली पाहिजे, विझता कामा नये."

मग मी हट्टालाच पेटले. दोन पावलांत श्वास आत, चार पावलांत बाहेर. आधी अंगणात, मग गल्लीच्या टोकापर्यंत, मग पिठाच्या गिरणीपर्यंत. दम लागला की थांबायचं, कुणाच्या तरी ओट्यावर हात टेकून वाकायचं, श्वास जाग्यावर आला की परत चालायचं. शेजारणी खुसुखुसू हसायच्या. हसा मेल्यांनो, म्हटलं.

श्रावण आला. धाकटी जाऊ म्हणाली, "दम लागस ना तुले, रिक्षामा बस वं माय." मी ताट उचललं आणि तिच्याकडे न बघता निघाले.

पहिल्या चौकातच धाप लागली. मागे कानबाई डोक्यावर घेतलेली माझी सून, सगळी मिरवणूक, वाजंत्री. थांबले तर सगळ्यांना कळणार आणि मला उचलून रिक्षात घालणार. तरी थांबावंच लागलं. तेवढ्यात जाऊ मागून ओरडली, "फुगडी खेळा वं!" कानबाईपुढे फुगड्या घालतातच, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. ती एकीचे हात धरून गरगर फिरली, तोवर मी भिंतीला टेकून हळूहळू श्वास सोडत राहिले. पुढे जिथे जिथे मी थांबले, तिथे तिची फुगडी.

कानबाईचं विसर्जन झालं, तेव्हा पांझरेच्या काठाला मी माझ्या पायांनी पोचलेली होते. जाऊ मात्र दगडावर बसली होती. तिचा वाताचा गुडघा सुजून टम्म झाला होता. मी विचारलं, "किती फुगड्या घातल्यास गं?"

"जितला येळे तू थांबनी, तितल्या."

मी तिच्यापाशी खाली बसले आणि तिचा गुडघा चोळू लागले.