चाळीस डावी पानं

"हात काढ! आरं हात काढ की गड्या! पानाच्या जागी तुझी बोटं शिवू का बैलाच्या कपाळावर?"

हवालदार एवढ्यानं ओरडले, की संगमावर धुणं धुणाऱ्या बायकांच्या हातची पिळलेली लुगडी पुन्हा पाण्यात पडली. खोटं वाटत असेल तर कराडात येऊन विचारा. माझं बोट त्या ओरडण्यामुळंच आज जागेवर आहे. जॅकचा दांडा त्यांच्या डाव्या हातात होता, आणि उजवा हात नेहमीसारखा खिशात.

तो हात खिशात का, हे आमच्या गल्लीत फक्त मला ठाऊक होतं. तो थरथरायचा.

असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल: हुद्दा गेला तरी आवाज परेडवरच राहिलेला. फौजेत खेचरांची खोगिरं शिवण्यात उमर काढली आणि पेन्शनीत माझ्या वेल्डिंगच्या दुकानाशेजारी पत्र्याची टपरी टाकून बैलांचा साज करू लागले. कुणी घाई केली की ठरलेलं वाक्य यायचं, "कापडाला टाका हाय, लाकडाला खिळा हाय. चामड्याला माफी न्हाई."

रापी अशी चालवायचे, की चामडं आपण होऊन बाजूला सरायचं. एकदा त्यांनी डोळे मिटून कापलेला पट्टा मी माझ्या काटकोनी गुण्याला लावून पाहिला, तर गुण्याच वाकडा निघाला! पण त्या वर्षी हाताला कंप सुटला. बैलाच्या कपाळपट्टीवर शिवायच्या चामडी पानांच्या कडा नागमोडी येऊ लागल्या. सांगलीचे आण्णा, साजाचे मोठे व्यापारी, आवाज कधी चढायचा नाही. त्यांनी एक पान उचलून उजेडात धरलं आणि म्हणाले, "पुढच्या मंगळवारी दुपारच्या गाडीनं येतो. चाळीस पानं. एका आईची लेकरं दिसली तर बेंदराच्या सणाचं सगळं काम तुमच्याकडं. न्हाईतर मी दुसरीकडं बघतो."

आण्णा गेले. हवालदार बराच वेळ रापी पुसत बसले. मग मला म्हणाले, "वेल्डर, हात न्हाई तर न्हाई. साचा करायचा."

बाजारचा साचा आणि त्याचं मशीन म्हणजे हत्ती विकत घेण्यासारखं. आम्ही भंगारात शिरलो. सॉमिलमधून पट्टा-करवतीची मोडकी पाती आणली, त्यांचे दात घासून टाकले, एका कडेला धार केली. एक लाल करून पिंपळपानाच्या आकारात वाकवायला घेतलं. पानाचं शेपूट एका बाजूला मुरडलेलं, तिथं तीन पाती मोडली आणि हवालदारांच्या तोंडून अशा फौजी शिव्या ऐकल्या की माझ्या वेल्डिंगच्या काचेला तडा गेला. चौथं पातं वळलं. टोकं मी जोडली, प्लायवूडमध्ये खाच पाडून ते बसवलं. कापलेला तुकडा आत अडकू नये म्हणून पोटात जुन्या चपलेचा स्पंज.

आता दाब. हातोडीनं ठोकायचं तर त्यालाही न थरथरणारा हात लागतो. साचा आम्ही रिक्षाच्या चाकाखाली दिला. नुसता वळ उठला. उसाच्या ट्रॅक्टरखाली दिला. पान कापलं, पण ते टायरला चिकटून थेट कारखान्यावर गेलं. शेवटी मी लोखंडी चॅनलची चौकट जोडली आणि आत ट्रकचा जॅक बसवला. खाली कारखान्याच्या भंगारातला रबरी पट्टा, वर चामडं, त्यावर साचा. दांडा मारला की कच्च! पान असं सुटायचं, जणू झाडावरूनच तोडलं.

मंगळवारी सकाळी चामडं अंथरलं. आण्णांनीच पाठवलेलं, नेमकं चाळीस पानांचं. पहिल्याच पानाला माझं बोट जाता जाता वाचलं, ते वर सांगितलंच. मी साचा ठेवायचा, हवालदारांनी दांडा मारायचा. दहा झाली. वीस झाली. एकेक पान दुसऱ्यावर तंतोतंत बसत होतं. हवालदारांच्या कपाळावरचा घाम चामड्यावर पडू नये म्हणून मीच पुसत होतो. दुपारच्या आत चाळीस पूर्ण.

हवालदारांनी दोन पानं उचलली आणि बैलाच्या कपाळपट्टीवर समोरासमोर ठेवली. आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

दोन्ही शेपटं एकाच बाजूला.

कपाळावर एक पान डावं लागतं, एक उजवं, आणि डावं उलटून लावावं तर चामड्याची खरबरीत बाजू वर येते. तिसरं उचललं, डावं. दहावं, डावं. आमच्याकडं चाळीसच्या चाळीस डावी पानं होती.

"चामडं उलटं अंथरून अर्धी कापायची हुती रं," हवालदार हळू म्हणाले. त्यांचा हळू आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "रापी हातात असली की एक पान झालं का हातच आखायचा पत्र्याचा नमुना उलटायचा. मला कवा इचार करावा लागलाच न्हाई. आज हात खिशात हुता."

"आवं, सांगू की वेल्डरनं घोळ घातला," मी म्हणालो. "मला काय, माझी अब्रू तशीबी गंजलेली."

"गप."

आज त्या टपरीच्या जागी मोबाइलची कव्हरं मिळतात. हवालदार वडूजकडच्या त्यांच्या गावी गेले आणि तिथंच वारले. जॅकची चौकट मात्र माझ्याकडं आहे. तिच्याजवळ गेलं की बोटं अजून आपोआप मागं येतात.

तर त्या दुपारी आण्णा आले. पिशवी खाली ठेवली, रुमालानं मान पुसली, बाकावर बसले. हवालदारांनी पानांची चवड पुढं सरकवली. मी तोंड उघडणार, तोच त्यांनी उजवा हात खिशातून काढला आणि आण्णांच्या समोर धरला. हात वाऱ्यातल्या कडब्यासारखा हलत होता.

"हात गेला, आण्णा. ही साच्यानं कापलीत. आन् सगळी डावी कापली. तुमचं चामडं संपलं. चूक माझी हाय."

आण्णांनी हाताकडं पाहिलं. मग चवड उचलली, जुगाऱ्यानं पत्ते ठोकावेत तशी बाकावर उभी ठोकली, आणि अंगठा कडेवरून वरपासून खालपर्यंत फिरवला. अंगठा कुठंच अडला नाही. मी श्वास धरून ठेवला होता. आणखी थोडा वेळ गेला असता तर मला दवाखान्यात न्यावं लागलं असतं.

आण्णांनी पानं पिशवीत भरली.

"उजवी कवा देताय?"