बोर्डवाले काका आणि त्यांची बाय

रत्नागिरीतले आमचे बोर्डवाले काका आपल्या संगणकावर चालणाऱ्या, अक्षरं कापणाऱ्या सीएनसी मशीनला ‘बाय’ म्हणतात. मशीनची सुरी विनाइलच्या चिकट पत्र्यावर वळणाला आली की पुटपुटतात, “सावकाश गो बाय.” आधी एका तुकड्यावर चौकोन कापून तो नखाने सोलतात. खालच्या कागदावर ओरखडा नसला, तरच पुढचं काम.

आमच्या वाडीतल्या वाचनालयाचं त्या संध्याकाळी उद्घाटन होतं. वाडीतला पहिला पदवीधर म्हणून पाटीचं काम माझ्याकडे आलं होतं. अक्षरं कापून झाली आणि काका थबकले. संगणकावर मी अक्षरं एकमेकांना जोडलीच नव्हती, त्यामुळे सुरीने शिरोरेषा प्रत्येक सांध्यावर कापली होती.

“चालेल, काका. लांबून दिसत नाय. चारची एसटी चुकेल.”

“सर, पोरं काय लांबूनच बघणार? जवळ यावीत म्हणून तर वाचनालय ना?”

त्यांनी सगळं सोलून टाकलं, संगणकावर अक्षरं जोडली आणि बाय पुन्हा सुरू केली. नवी अक्षरं पाटीवर चिकटेपर्यंत एसटी गेली. काकांनी शटर ओढलं, स्कूटर काढली आणि मला पाटी धरून मागे बसवलं. वाडीच्या तोंडाशी त्यांनी जो हॉर्न दाबला, तो वाचनालयाच्या दारापर्यंत सोडलाच नाही.