पांढरा कुर्ता आणि विहिरीचं पाणी

इस्त्री कोणी शिकवली असं विचारलं, की मी छाती फुगवून सांगते, अब्बांनी. वीस-बावीस वर्षं ते आखातातल्या एका हॉटेलच्या लॉन्ड्रीत इस्त्री करत होते. कायमचे घरी परतले ते एक जड इस्त्री आणि प्रत्येक कापडाबद्दल ठाम मतं घेऊन. आल्या आल्या त्यांनी माझं कपाट उघडलं आणि माझी अब्रू गेली. मी तोवर सगळ्या कपड्यांवर सारखीच तापलेली इस्त्री फिरवायचे, तीही रागारागाने.

मग जमिनीवर गोधडी, तिच्यावर जुनी चादर, आणि माझे धडे सुरू. रेशीम उलटं करून, कोमट इस्त्रीने. काळा कपडा आतून, नाहीतर चकाकतो. कॉलरवर इस्त्री टोकांकडून मध्ये आणायची. नायलॉनच्या ओढणीजवळ तर ते मला फिरकू देत नसत, कारण एकीची मी जाळी केली होती. आणि सुती? "कापूस तान्हेला आसतो, बाय. त्याला आधी पानी पाज, मंग इस्त्री लाव."

आमचं घर आगरदांड्याला, फेरीबोटीच्या धक्क्यापासून जवळच. खाडीपलीकडे, दिघीच्या बाजूला एका शाळेत माझी मुलाखत होती. त्याआधी तीन ठिकाणांहून नकार आला होता, आणि अब्बा परतल्यापासून घरात पगार येत नव्हता. ही नोकरी मला हवीच होती. धड असा एकच पांढरा सुती कुर्ता माझ्याकडे होता.

"तू हात लावू नको. ह्यो मी करतो," अब्बा म्हणाले. परत आल्यापासून त्यांना कोणी काही काम सांगत नव्हतं, ते त्यांना टोचत होतं. त्या सकाळी ते अगदी खुशीत होते. बादलीतलं पाणी शिंपडून त्यांनी इस्त्री फिरवली, आणि कुर्त्याच्या ऐन छातीवर पिवळट कडांचे डाग उमटले.

बादलीत विहिरीचं पाणी होतं. खाडीकाठची आमची विहीर, उन्हाळ्यात मचूळ होते, तोंडात धरवत नाही इतकी खारट. ते पाणी पांढऱ्या कपड्यावर शिंपडायचं नसतं, हे इथे शाळकरी पोरीलाही कळतं. पण अब्बांच्या लॉन्ड्रीत नळाला गोडं पाणी होतं. एवढ्या वर्षांत ते आपली विहीर विसरले होते.

मी फार लागट बोलले. "आयुष्यभर हेच केलंत ना?" असंही म्हणाले. आज आठवलं तरी जीभ चावावीशी वाटते.

अब्बा कुर्ता घेऊन स्वयंपाकघरात गेले. अम्मीशी दोन शब्द झाले, पाणी ओतल्याचा आवाज आला. मी बाहेर फेरीबोटीच्या वेळेकडे डोळे लावून धुसफुसत बसले होते. ते आले तेव्हा कुर्ता स्वच्छ धुऊन पिळलेला होता. वर कोरडा पंचा टाकून त्यांनी ओल्या कुर्त्यावर इस्त्री दाबायला सुरुवात केली. वाफ यायची, ते पंचा बदलायचे, पुन्हा दाबायचे. डाग गेले. शेवटी त्यांनी कॉलर केली, टोकांकडून मध्ये. मला बोट मिळाली.

संध्याकाळी नोकरी घेऊनच घरी आले. अम्मीने आनंदाने चहा पुढे केला. पहिल्याच घोटाला मी तोंड वाकडं केलं. चहा कोरा होता, आणि खारट.

"विहिरीचा हाय," अम्मी म्हणाली. "दूध घातला तं फाटतो."

"आणि प्यायच्या पाण्याचा हंडा?"

"त्यो तुझ्या कुर्त्याला लागला. नळ उद्या येल."

म्हणजे दिवसभर दोघं तेच पाणी पीत होती. इतकं आपल्यासाठी कोणी केलेलं असतं आणि आपण दारात धुसफुसत बसलेलो असतो. मला रडू आलं.

अब्बा बशीतला चहा फुंकत होते. त्यांना वेगळीच काळजी लागली होती. "कॉलर कशी रायली दिवसभर?"

"एक नंबर," मी म्हणाले, आणि अम्मीकडे अजून अर्धा कप चहा मागितला.